आधी हवा येते

चहाच्या दुसऱ्या पेल्यावरचा फेस अजून बसला नव्हता, तोच रेडिओवरच्या माणसाने नव्या मंत्र्यांच्या यादीत येस्लमच्या सासऱ्याचं नाव घेतलं, आणि येस्लमचा हात आपोआप गळ्याशी गेला, फेट्याचा शेमला वर आला, नाकापर्यंत चढला. समोर कोणी नव्हतं. बायको होती, कोळशाची शेगडी होती, तिच्यावर किटली होती, आणि खिडकीच्या फटीतून आलेल्या वाळूची एक बारीक रेघ गालिच्यावर पडली होती. तरी तो तोंड झाकून बसला, एखादं वडीलधारं माणूस वाकून तंबूत शिरलं असावं तसा.

तक्बेर इतकी हसली की तिच्या हातातला पेला हिंदकळला. "अरे, रेडिओत बसलेत का माझे बाबा? काढ तो शेमला!"

"सवय," तो शेमल्यातूनच म्हणाला.

"कुठलं खातं दिलं म्हणाला?"

"पाण्याचं."

तिचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला आवाज गेला. आज सभागृहात येस्लमचा प्रश्न होता. प्रश्न पाण्याच्या मंत्र्याला होता. काल संध्याकाळपर्यंत हा मंत्री म्हणजे कोणीतरी परका माणूस होता, चष्मा लावणारा, ज्याला काहीही विचारता आलं असतं.

येस्लमने सासऱ्यासमोर कधी घास खाल्ला नव्हता, चहाचा घोट घेतला नव्हता, उघड्या तोंडाने उभा राहिला नव्हता. सासरा इस्सेल्मू पुढच्या दाराने आत आला की येस्लम मागच्या दाराने बाहेर. यात भांडण नव्हतं, राग तर नव्हताच. ही लाज होती, आणि इथे लाज हीच खानदानी. ज्याला सासऱ्याची लाज नाही त्याला कशाचीच नाही, असं म्हणायचे, आणि तसल्या माणसाच्या उंटाचेही दात बघायला बाजारात कोणी जवळ येत नसे. इस्सेल्मूने जावई पाहिला होता तो पाठमोरा. दारातल्या चपलांवरून तो ओळखायचा, आहे की गेला. आणि चारचौघांत सांगायचा, "माझा जावई? फार गुणी. आवाज ऐकलेला नाही मी त्याचा." दोघांच्या जमाखर्चात कुठल्याच बाजूला एक शब्द नव्हता, म्हणून कधी बाकीही निघाली नव्हती. किती सुखाचं नातं! येस्लमला कधीकधी वाटायचं, सगळ्या माणसांशी असंच नातं असतं तर आपण किती चांगले गणले गेलो असतो.

"मग आजारी पड," तक्बेर म्हणाली. "मोठी माणसं पडतात तसा. दवाखान्यातून एक फोटो दे, झालं."

"माणूस नसला तर प्रश्न बाद होतो."

"पुन्हा टाक."

"रांगेत वर्ष जाईल. तोवर तिनगार गाव उठेल. निम्मी घरं उठलीच आहेत."

ती शेगडीतले कोळसे उगाच हलवत राहिली. तिला हवं तेव्हा शांत बसता येत असे, आणि ती शांत बसली की येस्लमला कोणीतरी दाराशी उभं असल्यासारखं वाटे. मग ती म्हणाली, "हे बघ. बोललास तर माझं माहेर गेलं. बाबांच्या तंबूत मला कोण विचारणार, निर्लज्जाची बायको म्हणून? आणि नाही बोललास तर तू गेलास. अर्धा तर गेलाच आहेस. घरात नळ असून नमाजाआधी हात-तोंड न धुता दगडाने वजू करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. देवाला फसवतोस की नळाला?"

त्याची नजर गालिच्याच्या कडेकडे गेली. गालिच्याखाली, भिंतीकडच्या बाजूला, तो काळा गुळगुळीत दगड होता. पाणी नसेल तिथे मुसाफिराने दगडावर हात फिरवून तोंडाला लावावा, चालतं. येस्लम मुसाफिर नव्हता. पण गेले कित्येक महिने त्याने स्वतःच्या हाताने नळ उघडला नव्हता. उघडला की पाणी यायच्या आधी एक क्षण, एकच, हवा यायची. सूंऽऽ. त्या एका क्षणात कोणीतरी त्याच्या कानाशी कान लावून ऐकत असायचं.

"तिसरा पेला?" तक्बेरने विचारलं. तिसरा पेला सोडून उठणं म्हणजे भांडून उठणं. तो बसला. तिने उंचावरून धार धरली; त्याने दुसरीकडे पाहिलं.

गाडी समुद्राकडून येणाऱ्या रस्त्याला लागली तेव्हा वारा पूर्वेचा होता आणि सगळं शहर पिवळट झालेलं होतं. रस्त्याच्या कडेची वाळू पुन्हा रस्त्यावर आली होती. काल काढली होती, उद्या काढतील. गाढवांच्या गाड्यांवर पाण्याची पिंपं डचमळत होती. वाळवंट आणि समुद्र यांच्यामध्ये ही राजधानी कोणीतरी घाईने ठेवून दिली आणि उचलायला विसरला, असं येस्लमला लहानपणापासून वाटत आलेलं. तिनगार इथून पूर्वेला, रस्ता संपल्यावर, आणि रस्ता संपून बराच वेळ झाल्यावर. त्याच गावच्या मतांवर तो सभागृहात आला होता. त्या नळयोजनेचं कर्ज सभागृहात मंजूर झालं ते त्याला आठवत होतं, म्हणजे त्याला मासळी-भाताचा वास आठवत होता. जेवणाची वेळ टळलेली. सभापतींनी कागदावरून नजर न काढता विचारलं होतं, "संमत?" आणि हात वर गेले. सगळ्यांचे गेले, त्याचाही गेला. पाण्याला नाही कोण म्हणणार? नळ कुठून निघणार, कुठे संपणार, विहिरीला पाणी लागलंय का, हे विचारायला कोणी उभं राहिलं असतं तर लोकांनी त्याला जेवणाच्या आड येणारा म्हणून आयुष्यभर ओळखलं असतं. नंतर एकदा हॉटेलच्या गारठलेल्या दालनात परदेशातून आलेल्या एका बाईने सगळ्या आमदारांना कानात यंत्रं घालून बसवलं होतं आणि सर्वांत गरीब देशांच्या विकासात सभागृहांचं काम काय, ते दोन दिवस सांगितलं होतं. बाई शहाणी होती. दुभाष्याने तिचं एक वाक्य फार छान उतरवलं होतं: ज्याला हात वर करता येतो त्याला बोटही दाखवता आलं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि जाताना कापडी पिशव्या नेल्या होत्या.

आणि तिनगारचा उद्घाटनाचा दिवस. तंबू, गालिचे, मारलेला उंट, बायकांचा ढोल. चौथऱ्यावर नवाकोरा नळ, वर सिमेंटची टाकी, टाकीवर निळा रंग. येस्लम पहिल्या रांगेत बसलेला. तेवढ्यात धुळीचा लोट उठला आणि गव्हर्नरसाहेबांची गाडी आली. गव्हर्नर म्हणजे तेव्हा इस्सेल्मूच. येस्लम शेमला ओढून उठला आणि जायला दुसरी जागा नाही म्हणून टाकीच्या मागे गेला. कोणाला काही वाटलं नाही, उलट म्हातारी माणसं कौतुकाने हसली, "जावई पळाला रे!" टाकीच्या मागे एक पाण्याचा टँकर उभा होता. इंजिन हळू चालू. एक जाड काळी नळी टँकरमधून निघून टाकीच्या तोंडात गेलेली. ड्रायव्हर चाकाच्या सावलीत बसून शेंगदाणे खात होता. त्याने येस्लमकडे पाहिलं, येस्लमने त्याच्याकडे. "सलाम," ड्रायव्हर म्हणाला आणि मूठभर शेंगदाणे पुढे केले. पलीकडे नळ उघडला. पाणी आलं. बायकांनी जीभ हलवून आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या, आणि इस्सेल्मूचा भारदस्त आवाज आला, "देवाने दिलं, सरकारने आणलं!" येस्लम इकडच्या बाजूला, सासऱ्याची लाज राखत, तोंड झाकून उभा. हातात शेंगदाणे.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला तेव्हा चौथऱ्यापाशी मेसूदा बसली होती. ज्यांचे आजे-पणजे दुसऱ्यांच्या उंटांना पाणी पाजता पाजता मेले, त्यांतली ती. हाडकुळी, उंच, दात पांढरेशुभ्र. नळ उघडा होता आणि ती डोकं तिरकं करून, कान तोटीला लावून ऐकत होती.

"काय ऐकतेस, मेसूदा?"

"हवा. ये, बस. तू पण ऐक. टाकीवाल्याने सांगितलंय, आधी हवा येते, मग पाणी येतं."

"कधीपासून येतेय हवा?"

"हवा चांगली आहे रे," ती हसली. "गार असते. पोरं तोंड लावून पितात." मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "राजधानीत तुम्ही लोक बोलता ना? रेडिओवर येतं आमच्या. हा बोलतो, तो बोलतो. तुझा आवाज नाही आला कधी. घसा बरा आहे ना तुझा?"

त्याने परत येऊन प्रश्न टाकला. प्रश्न रांगेत उभा राहिला, माणसं पाण्यासाठी राहतात तसा. मध्यंतरी तिनगारच्या लोकांनी जुनी बुजलेली विहीर उकरायला घेतली. वाळू काढायला मेसूदा आत उतरली, कारण ती बारीक होती आणि तिला दम पुरायचा. वरून विहिरीची कड कोसळली. वर काढायला कोणाला जमलं नाही. त्यांनी विहिरीच्या तोंडाशी उभं राहून नमाज पढला आणि उरलेली वाळू स्वतःच्या हातांनी लोटली. फोनवर सांगणारा म्हणाला, "शेवटी खालून आवाज आला होता, पण तो तिचा की हवेचा, कळलं नाही." तेव्हापासून येस्लमने नळाला हात लावला नव्हता.

सभागृहाच्या पायऱ्यांवर हामादी भेटला. नदीकाठचा आमदार, काळाभोर, देखणा, तोंडाचा फाटका. त्याच्या लोकांत काही घराण्यांनी एकमेकांची टिंगल करायची असा पिढीजात करार असतो. हामादीने तो करार सगळ्या देशाशी केला होता.

"या या, जावईबापू! तोंड झाकूनच आलात? वाऱ्यामुळे की सासऱ्यामुळे?"

"दोन्ही पूर्वेचेच आहेत," येस्लम म्हणाला.

"आज मी तिकीट काढून बसायला तयार आहे. आमच्यात सासऱ्याला बघून जावई गाणं म्हणतो. तुमच्यात काय करता? पडद्याआडून खोकता?"

"हामादी, तू वाच ना माझा प्रश्न."

हामादीचं हसू ओसरलं. त्याने येस्लमचा दंड धरला. "वाचला असता रे. पण नियम आहे, ज्याचा प्रश्न त्याचंच तोंड. आणि दुसरं सांगू? मी वाचला तर म्हणतील, नदीवाला वाळवंटवाल्यांवर उठला. तू वाचलास तर फक्त निर्लज्ज ठरशील. स्वस्त आहे तुला." मग पुन्हा जुन्या सुरात, "त्या परदेशी बाईची पिशवी आठवते? आमची बायको तिच्यात कांदे ठेवते. म्हणते, सभागृहाने दिलेली ही एकच वस्तू तळाला फाटली नाही."

आत गारवा होता, नव्या झग्यांच्या खळीचा आणि धुपाचा वास होता. मंत्र्यांचं बाक येस्लमच्या बरोबर समोर. इस्सेल्मू आला तो सावकाश, दोन्ही बाजूंचे सलाम घेत, पांढऱ्या घोळदार झग्याच्या बाह्या खांद्यावर टाकत. बसला. त्याने येस्लमकडे पाहिलं नाही, वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत राहिला. हेही सौजन्यच. मोठ्या माणसाने जावयाला दिसू नये, हा रिवाजाचा दुसरा अर्धा भाग. किती व्यवस्थित बसलं आहे सगळं, येस्लमला वाटलं. मी त्यांना पाहत नाही, ते मला पाहत नाहीत, आणि मध्ये जी मोकळी जागा राहते तिच्यातून केवढा मोठा टँकर जाऊ शकतो. त्याच्या कानात ते सुरू झालं. सूंऽऽ. तो पंखा असेल. त्याने पंख्याकडे पाहिलं, आणि सासरा-जावई दोघं एकाच पंख्याकडे पाहत आहेत हे ध्यानात येऊन त्याने मान खाली घातली. घरी तक्बेरने रेडिओ लावला असणार. प्रश्नांचा तास सगळ्या देशात ऐकू जातो. चौथऱ्यापाशी अजून कोणी उरलं असेल तर तिथेही.

सभापतींनी नाव पुकारलं. तो उभा राहिला. शेमला नाकावर होता.

"सदस्यांनी तोंड मोकळं करावं," सभापती म्हणाले. "माईकला शेमल्यातलं कळत नाही."

हशा पिकला. दुष्ट नव्हता; घरातल्या मुलाच्या बोबडेपणाला हसावं तसा होता. येस्लमने हात वर न्यायचा प्रयत्न केला. कर्जाला आपोआप वर गेलेला हाच तो हात. तो आता मांडीला चिकटून राहिला होता, कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

तेव्हा इस्सेल्मू उठला. पंख्याकडेच पाहत, हसत, म्हणाला, "सभापतीसाहेब, मंत्रिपद आजचं आहे, जावई जुना आहे. मुलाची अडचण होतेय. ज्या घरात मी मुलगी दिली त्या घरची लाज मी मोडणार नाही. मी बाहेर जातो."

"वाहवा!" कोणीतरी म्हणालं. मागच्या बाकांवरून "खानदान! खानदान!" असा गजर आला. म्हातारे आमदार मान डोलावू लागले. एकाने तर डोळे पुसले.

"पण मंत्री नसले तर उत्तर कोण देणार?" हामादी ओरडला.

"उत्तर देणारा नसेल तर प्रश्न पुढच्या अधिवेशनात," सभापती म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जेवणाची वेळ सांभाळल्याचं समाधान होतं.

बाकांमधल्या वाटेने इस्सेल्मू दाराकडे निघाला. झगा सळसळत होता. सगळं किती देखणं दिसत होतं, किती थंड, किती स्वच्छ. उन्हात बसलेल्या माणसांसमोर नळातून धार पडावी तसं. आणि येस्लमला मागची बाजू दिसली. आता तो कुठल्याही टाकीच्या मागे नव्हता, सगळ्यांच्या पुढे उभा होता, तरी दिसली. जाड, काळी, टाकीच्या तोंडात गेलेली. रीत पुढून वाहत होती आणि मागून कोणीतरी तिला नळी लावली होती. आपल्या लाजेची. आपणच भरून ठेवलेली, वर्षानुवर्षं, थेंब न सांडता.

गॅलरीत शेवटच्या बाकावर कोणीतरी बसलं होतं. अंगाभोवती लपेटलेली मलहफा वाळूने भरलेली, डोकं तिरकं केलेलं, कान पुढे. ऐकत होती. तिला घाई नव्हती.

त्याने शेमला खाली ओढला. तोंडाला गार वारा लागला. सगळं सभागृह आपलं नागडं तोंड बघतंय असं वाटून कानापर्यंत आग गेली. त्याने तोंड उघडलं. काही आलं नाही. माईकमधून सगळ्या देशाला ऐकू गेली ती फक्त हवा, लांब, कोरडी. कोणी हसलं नाही. आधी हवा येते, त्याने स्वतःला सांगितलं. आधी हवा येते. येऊ दे.

"थांबा," तो म्हणाला.

इस्सेल्मू दारापाशी होता. थांबला. वळला नाही. आयुष्यात पहिल्यांदा जावयाचा आवाज ऐकताना माणसाच्या पाठीला काय होतं, ते येस्लमने पाहिलं: काहीच होत नाही, फक्त ती मोठी दिसते.

"तिनगारच्या नळाला पाणी का नाही, असा माझा प्रश्न आहे. कर्जाला या सभागृहाने हात वर केले, माझाही होता. विहीर कोणी तपासली? टाकी कशाने भरली?" आवाज फाटत होता, मधूनच खरखरत होता, पण येत होता. "ज्या दिवशी नळ उघडला त्या दिवशी मी टाकीच्या मागे उभा होतो. तुमच्यापासून लपून. म्हणून मला नळी दिसली. तुमची लाज राखायला गेलो नसतो, तर मलाही ते पाणीच वाटलं असतं."

सभापतींचा हात घंटीवर गेला आणि तिथेच राहिला. गॅलरीतलं शेवटचं बाक बघायला येस्लमने मान वर केली नाही. बाक रिकामं असलं तरी त्याला चाललं नसतं, आणि भरलेलं असलं तरी. कानातली हवा थांबली नव्हती. तिच्यातून तो बोलत होता. मेसूदाचं नाव त्याने घेतलं, तिच्या बापाचं नाव घेतलं, आणि ती ज्या विहिरीत आहे तिचंही.

कुठेतरी दूर, किटली शेगडीवर तशीच ठेवून, एक बाई रेडिओजवळ बसली असेल. आवाज मोठा केला असेल, किंवा बंद केला असेल.

दारात इस्सेल्मू अजून पाठमोराच उभा होता. बाहेरून पूर्वेचा वारा आत येत होता, म्हणून असेल, किंवा नसेल. त्याचा हात सावकाश गळ्याशी गेला, फेट्याचा शेमला वर आला, आणि नाकापर्यंत चढला.